केमो चालू असताना उलटीच्या गोळ्या: घरातल्या कुठल्या चालतात, कुठल्या नाही?

जाईजुई (कर्वेनगर)

नमस्कार मंडळी. साबांची (म्हणजे सासूबाईंची, वय ६७, मधुमेह आणि बीपी दोन्ही जुने) स्तनाच्या कर्करोगाची केमो येत्या गुरुवारी सुरू होतेय. आधी ते लाल औषध, दर २१ दिवसांनी. औषधांची पिशवी आधीच हातात आलीय आणि त्यात नुसत्या उलटीसाठी चार प्रकार आहेत: अ‍ॅप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल, डेक्सामेथासोन, ऑन्डान्सेट्रॉन (एमसेट) आणि रात्री झोपताना ओलान्झापीन.

घोळ असा की शेजारच्या काकूंच्या मुलाने ओलान्झापीन फोनवर शोधलं आणि "ही तर मानसिक रुग्णांची गोळी" असं भर व्हरांड्यात जाहीर केलं. झालं! साबा म्हणतात, मला कॅन्सर झालाय, डोकं ठिकाणावर आहे, ही गोळी मी घेणार नाही.

शिवाय त्या रोज सकाळी पित्तासाठी पॅन-डी घेतात, अनेक वर्षं. चक्कर आली की स्वतःच्या मनाने स्टेमेटिल. घाटात गाडी लागते म्हणून एव्होमिनही डब्यात असतेच. आणि नणंदबाईंनी साताऱ्याहून किलोभर आलेपाक पाठवलाय. यातलं काय चालू ठेवायचं? डॉक्टर आता थेट गुरुवारीच भेटतील. तिथे काय विचारू, तेही सांगा.

अरुंधती_स

जाईजुई, साबांना शुभेच्छा. मी या वाटेने जाऊन आलेय म्हणून आधी एक सांगते. गोळ्या घड्याळाप्रमाणे द्या, मळमळ सुरू व्हायची वाट बघू नका. पहिल्या दिवशी संध्याकाळी माणूस एकदम टुणटुणीत असतं, पोहे मागून खातं, आणि घरच्यांना वाटतं की बाईंना काही झालंच नाही, कशाला उगाच गोळ्या! खरी मळमळ पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. एकदा पोट ढवळायला लागलं की गोळी पोटात टिकत नाही, आणि टिकली तरी मागे धावत राहते.

दुसरं, केमोच्या दिवशी त्यांच्या आवडीचं काही करू नका. गुळाची पोळी वगैरे लाड तर अजिबात नकोत. त्या दिवशी खाल्लेल्या पदार्थावर पुढे कायमचं मन उडू शकतं. माझी साबुदाण्याची खिचडी अशीच गेली.

स्पष्टवक्ता_पुणे३०

एका उलटीला चार औषधं! उलटी म्हणजे शरीर विष बाहेर टाकत असतं, टाकू द्यावं. आमच्या वेळी आलं-लिंबू-सैंधव एवढ्यावर भागत असे. पेढीवर जाऊन बसणाऱ्या औषध कंपन्यांचं भलं करण्यात कोणाला रस असेल तर असो.

डॉ_गप्पिष्ट

(पेशाने भूलतज्ज्ञ आहे, कर्करोगतज्ज्ञ नाही. उलट्या मात्र रोज बघतो. खालचं सगळं माहितीसाठी आहे, डोस त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.)

स्पष्टवक्ते, केमो शिरेतून जाते. ती रक्तात असते, पोटात नाही. उलटी करून त्यातलं काहीही बाहेर पडत नाही. बाहेर पडतं ते पाणी, पोटॅशियम आणि रुग्णाची उमेद. मधुमेह आणि बीपीच्या ६७ वर्षांच्या बाईंना तीन दिवस उलट्या झाल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, पुढचा डोसही लांबू शकतो.

चार औषधं का, ते सांगतो. उलटीचा निरोप मेंदूकडे एकाच वाटेने जात नाही. केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात. पहिल्या २४ तासांतली उलटी मुख्यतः त्यामुळे होते, आणि ती वाट ऑन्डान्सेट्रॉनच्या कुळातली औषधं अडवतात. नंतरच्या दिवसांत सबस्टन्स पी नावाच्या रेणूचा हात मोठा, तिथे अ‍ॅप्रेपिटंट. डेक्सामेथासोन या दोघांना जोर देतं. ओलान्झापीन एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी काम करतं आणि नुसत्या मळमळीवर, म्हणजे उलटी होत नाही पण काही नकोसं वाटतं त्यावर, विशेष उपयोगी पडतं. लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) आणि त्याच्या जोडीचं सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी सर्वाधिक उलटी करणाऱ्या गटात धरतात. म्हणून चारही. उगाच नाही.

आता त्या गोळीची बदनामी. हळद आमटीतही पडते आणि जखमेवरही. ओलान्झापीन मानसिक आजारात जास्त मात्रेत, महिनोन् महिने देतात हे खरंच आहे. इथे थोड्या मात्रेत, दर डोसमागे मोजके दिवस असते. आपल्याच मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये यावर अभ्यास झाला, २०२४ साली लॅन्सेट ऑन्कोलॉजीत छापून आला. १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिलं तरी उलटी रोखण्यात ते कमी पडलं नाही, आणि दिवसाची गुंगी बरीच कमी झाली. साबांना किती मात्रा लिहिलीय ते बघा. जास्त असेल तर वयाकडे बघून कमी चालेल का, हे गुरुवारी नक्की विचारा. शेजारच्या चिरंजीवांना काही सांगायची गरज नाही.

एकच काळजी. ओलान्झापीनने झोप येते आणि उभं राहताना बीपी खाली येऊ शकतं. त्यात बीपीच्या गोळ्या आहेतच. रात्री बाथरूमला जाताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, दिवा लावायचा, जमलं तर कोणीतरी सोबत. सोबतीला झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पेठेतला_केमिस्ट

डॉक्टरांनी वरची बाजू सांगितली, मी काउंटरची सांगतो. जाईजुईताई, तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला पॅन-डी वाटते आणि तिच्याकडे अजून कोणी बघितलं नाही.

पॅन-डी म्हणजे पित्ताचं पॅन्टोप्राझोल अधिक डॉमपेरिडोन. डॉमपेरिडोन हे उलटीचंच औषध. त्या एका कॅप्सूलमध्ये ते ३० मिलिग्रॅम असतं, आणि युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये मोठ्या माणसाला दिवसभराची कमाल मर्यादा ३० मिलिग्रॅम आणि साधारण आठवडाभर एवढीच घालून दिली. कारण हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम. आपल्याकडे लोक ती चहाआधी वर्षानुवर्षं घेतात. माझ्याकडे येणाऱ्यांत "डी" म्हणजे काय हे ठाऊक असलेला माणूस विरळाच. पित्ताच्या गोळीच्या नावामागे डी असेल तर बहुधा डॉमपेरिडोन. एल असेल तर बहुधा लेव्होसल्पिराइड, तेही त्याच गोत्रातलं, म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणं आणि अंग ताठरणं यासाठी कुप्रसिद्ध.

म्हणजे साबांच्या डब्यात उलटीची औषधं चार नाहीत. डॉमपेरिडोन धरून पाच, स्टेमेटिल धरून सहा, एव्होमिन धरून सात. आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना चारच माहीत असणार, कारण "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" याला घरोघरी उत्तर एकच: "काही नाही, फक्त शुगर-बीपीची. आणि हो, एक साधी ॲसिडिटीची."

तेव्हा गुरुवारी यादी नेऊ नका, स्ट्रिपाच न्या. सगळ्या. पिशवी टेबलावर ओता.

डॉ_गप्पिष्ट

केमिस्टकाकांना दंडवत, त्यांनी माझं राहिलेलं टिपलं. त्यात भर घालतो.

ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन दोन्हीही ईसीजीतला क्यूटी नावाचा कालावधी लांबवू शकतात. एकेकटं, नेहमीच्या मात्रेत, बहुतेकांना काही होत नाही. पण दोन-तीन अशी औषधं एकत्र, वर उलट्या-जुलाबांनी किंवा बीपीच्या "पाण्याच्या गोळी"ने (लघवी वाढवणाऱ्या) पोटॅशियम उतरलेलं, असं झालं तर ठोके बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो. ऑन्डान्सेट्रॉनचं ३२ मिलिग्रॅमचं एकदम द्यायचं इंजेक्शन याच कारणाने अमेरिकेत २०१२ मध्ये बंद करायला लावलं. शिवाय अ‍ॅप्रेपिटंट यकृतातल्या ज्या एन्झाइमला मंदावतं, त्यानेच डॉमपेरिडोनचा निचरा होतो. म्हणजे त्या तीन दिवसांत पॅन-डीतलं डॉमपेरिडोन रक्तात नेहमीपेक्षा जास्त साठणार. पित्ताचं संरक्षण मात्र हवंच, डेक्सामुळे जळजळ होते. साधं पॅन्टोप्राझोल, डीशिवाय, पुरेल का असं विचारा. बहुधा हो म्हणतील.

स्टेमेटिल तर कुलपात ठेवा. त्याचं आणि ओलान्झापीनचं काम मेंदूत बरंचसं एकाच ठिकाणी चालतं, दोन्ही मिळून हातपाय ताठरणं, गुंगी, बीपी पडणं हे वाढतं. केमोनंतर चक्कर आली तर ती बऱ्याचदा कानाची नसते. पाणी कमी, साखर कमी किंवा बीपी खाली. मग स्टेमेटिल देऊन भलतंच व्हायचं. आधी आडवं करा, बीपी-साखर मोजा, मग फोन.

एव्होमिन गाडी लागण्यासाठी चांगली आहे, केमोच्या मळमळीवर तिचा फार उपयोग नाही आणि गुंगी मात्र पुरेपूर. ती महाबळेश्वरसाठी राहू द्या.

मुळशीकर

ताठरण्यावरून आठवलं. माझ्या पुतण्याला, वय १७, कॉलेजच्या गॅदरिंगचं खाऊन उलट्या लागल्या. गावातल्या एका दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन दिलं. घरी आल्यावर मान एका बाजूला ओढली, डोळे वर, जबडा आवळलेला, बोलता येईना. घरात आकांत. आजी मीठमोहऱ्या ओवाळायला निघाली, मी म्हटलं लकवा. पुण्यात आणलं तर तिथल्या डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "उलटीचं पेरिनॉर्म दिलं होतं का?" एक इंजेक्शन शिरेतून दिलं आणि पोरगा थोड्या वेळात सरळ. आम्ही बघतच राहिलो.

डॉ_गप्पिष्ट

हो, अगदी ठरलेलं चित्र. पेरिनॉर्म म्हणजे मेटोक्लोप्रमाइड. तरुण पोरांत आणि मुलांत हे जास्त दिसतं. उतारा म्हणून फेनर्गनसारखं इंजेक्शन असतं. दिसतं भयंकर, पण ओळखलं तर लगेच सुटतं. युरोपने २०१३ मध्ये याही औषधाला जास्तीत जास्त पाच दिवस अशी चौकट घातली. ज्यांना पार्किन्सन आहे त्यांनी मेटोक्लोप्रमाइड आणि स्टेमेटिल दोन्ही टाळायचं. आणि पुतण्याच्या केसपेपरवर ठळक लिहून ठेवा, पुढच्या वेळी कोणी विचारायच्या आत दाखवायला.

सानेवाडीची_शमा

माझे सासरे वॉर्फरिनवर (रक्त पातळ करणारी गोळी) आहेत (हृदयाची झडप बदललीय) आणि त्यांनाही पुढच्या महिन्यात केमो आहे. अ‍ॅप्रेपिटंट चालेल का?

डॉ_गप्पिष्ट

देतात, पण अ‍ॅप्रेपिटंटमुळे वॉर्फरिनचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यापासून दोन आठवडे आयएनआरवर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) लक्ष हवं, विशेषतः ७ ते १० दिवसांच्या सुमारास. हृदयाचे आणि कॅन्सरचे डॉक्टर वेगवेगळ्या रुग्णालयांत असतील तर एकमेकांना कळेल असं धरून चालू नका. तरुण बायकांसाठीही एक: गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा अ‍ॅप्रेपिटंटनंतर महिनाभर राहत नाही, दुसरं साधन हवं.

स्पष्टवक्ता_पुणे३०

शिरेतून दिलेलं उलटीतून निघत नाही हे मान्य. पण आल्याला तरी जात्यावर घालू नका.

डॉ_गप्पिष्ट

आल्याशी माझं वैर नाही. चहातलं, आमटीतलं, चोखायला एखादा तुकडा, खुशाल. औषधांसोबत, औषधांऐवजी नाही. प्लेटलेट्स उतरलेल्या असताना किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना शुंठीचं चूर्ण चमच्याने किंवा कॅप्सूलने नको. आणि आलेपाकात आल्यापेक्षा साखर जास्त असते हो. साबांना मधुमेह, त्यात डेक्सा. तो किलो तुम्हीच संपवा.

सिस्टर_मंगल

मी केमोच्या डे-केअरला काम करते. डेक्साबद्दल कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. हे स्टिरॉइड आहे. साखर वाढते, आणि सकाळी उपाशीपोटी चांगली दिसली तरी दुपारनंतर चढते. म्हणून ते दिवस दुपारी आणि रात्री जेवायच्या आधीही मोजा, आकडे लिहून ठेवा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कल्पना द्या. इन्सुलिन आपल्या मनाने वाढवू नका. डेक्सा थांबलं की साखर खाली येते आणि मग पंचाईत. गोळी सकाळी नाश्त्यावर घ्यायची. रात्री घेतली तर पेशंट पहाटेपर्यंत कपाटं आवरत बसतो, खोटं नाही सांगत. कुणाकुणाला उचकी लागते, ती यानेही असते. मागच्या आजारपणातलं उरलेलं डेक्सा वरून देऊ नका. अ‍ॅप्रेपिटंट सोबत असलं की त्याची मात्रा मुद्दाम कमी धरलेली असते.

अजून एक. सलाइनमधून उलटीचं कुठलं इंजेक्शन दिलं ते कार्डावर बघा. पॅलोनोसेट्रॉन असेल तर त्याचा असर काही दिवस राहतो, मग घरची एमसेट कधीपासून घ्यायची ते निघायच्या आधी विचारून घ्या. तोंडात विरघळणारी गोळी असेल तर हात कोरडे ठेवा, फॉइल सोलून काढा, दाबून काढली तर भुगा होतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटीत पडली तर पुन्हा द्यायची का, ते फोन करून विचारा.

फोन कधी करायचा: दिवसभर घोटभर पाणीही टिकत नसेल, सात-आठ तास लघवी नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही असेल, पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद असेल, छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणं असंबद्ध झालं. आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर वाट बघायचीच नाही. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबणारे फार असतात. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा ती रात्र महागात पडते. डे-केअर संध्याकाळी बंद होतो, तेव्हा रात्रीचा नंबर कोणता तो आधीच मागून घ्या.

लाल औषधानंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नाही. घाबरू नका.

केतकी_बाणेर

मला तिसरा महिना चालू आहे आणि दिवसभर उलट्या. मीही एमसेट घेऊ का?

संपादक मंडळ

गरोदरपणातल्या उलट्यांसाठी कृपया वेगळा धागा काढा, औषधं आणि धोके वेगळे आहेत. तोवर स्वतःच्या मनाने काही न घेता तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला डोस झाला, वृत्तांत देते.

पिशवी खरंच टेबलावर ओतली. डॉक्टर हसले नाहीत, एकेक स्ट्रिप उचलून बघितली. पॅन-डी जाऊन साधं पॅन ४० आलं. स्टेमेटिल, एव्होमिन बंद. ईसीजी आणि पोटॅशियम केमोच्या आधी केलं. ओलान्झापीन २.५ वर आणलं. सलाइनमधून पॅलोनोसेट्रॉन होतं (सिस्टर मंगल, तुमच्यामुळे विचारलं), म्हणून एमसेट तिसऱ्या दिवसापासून, तीही गरज लागली तरच.

साबांना ओलान्झापीनबद्दल डॉक्टरांनी टाटाचं सांगितलं. "मुंबईच्या बायकांनी घेतली ना, मग मी घेते," म्हणाल्या. शांत झोपल्या. सकाळी उशिरापर्यंत जड होत्या, दुपारी ठीक. मळमळ आहे पण उलटी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साखर २८० च्या वर, फोनवर इन्सुलिन बदलून दिलं. येताना नळस्टॉपच्या कोंडीत रिक्षा अडकली तेव्हा मात्र माझा जीव वरखाली, पिशव्या हातात धरूनच बसले होते. पुढच्या वेळी दुपारच्या आधी निघायचं बघणार.

घरात फोडणीचा वास सहन होत नाही, म्हणून स्वयंपाक मागच्या गॅलरीतल्या शेगडीवर. गार दहीभात आणि आमसुलाचं सार तेवढं जातं.

आता नवा प्रश्न: पोट साफ होत नाहीये. इसबगोल देऊ?

पेठेतला_केमिस्ट

सेट्रॉन कुळातल्या औषधांनी बद्धकोष्ठ होतंच. इसबगोलाला भरपूर पाणी लागतं. पाणी जात नसेल तर तेच आत घट्ट बसतं. विचारून लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध घ्या, आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासूनच सुरू करायचं का तेही विचारा. एनिमा वगैरे घरी काही करू नका, पेशी उतरलेल्या असताना तर नाहीच.

जाईजुई

लॅक्ट्युलोजच दिलं, काम झालं. रच्याकने (बाय द वे), आज तोंडात पांढरे चट्टे दिसताहेत. घरात मागच्या वर्षीची फ्लुकोनाझोल (बुरशीच्या संसर्गाची गोळी) आहे, तीच देऊ का?

डॉ_गप्पिष्ट

नको. फ्लुकोनाझोलही क्यूटी लांबवणाऱ्यांत आहे आणि तेही यकृतातलं तेच एन्झाइम मंदावतं. कदाचित तेच देतील, कदाचित तोंडात लावायचं औषध पुरेल, पण ठरवताना एमसेट चालू आहे का हे त्यांना माहीत हवं. चट्ट्यांचा उजेडात फोटो काढा, सोबत सध्याच्या सगळ्या स्ट्रिपांचा फोटो, आणि आजच डे-केअरच्या नंबरवर पाठवा. ताप मोजलात का?

जाईजुई

९८.८. फोटो पाठवला, सिस्टरांनी उद्या सकाळी साडेनऊला बोलावलंय.